लव्हाळ्यांवरचे तीन लाल गोल

१

लुओ पेइयानच्या सगळ्यात मोठ्या चित्रावर कुणीतरी लाल रंगाने तीन गोल काढून ठेवले होते, आणि प्रदर्शनाचं उद्घाटन त्याच दिवशी दुपारी होतं.

"सूयुनमावशी, असाल तशा निघून या," फोनवर काईवेनचा आवाज चिरकत होता. "लुओसरांच्या चित्रातल्या चुका काढल्यात कुणीतरी. लाल शाईने, गोल करकरून!"

काईवेन हा कलादालनाचा व्यवस्थापक. लंडनहून शिकून आलेला, कामाला वाघ, पण घाबरला की माझ्याकडे धावणारा. मी आयुष्यभर संग्रहालयात जुनी चित्रं तपासायची नोकरी केली. शिवाय लुओ माझा गुरुबंधू. मी, लुओ आणि पांग दशेंग असे आम्ही तिघं एकाच वेळी क्वांग गुरुजींकडे शिकत होतो. ते दिवस असे होते की सरकारला जुनं काही खपत नसे; जुन्या पद्धतीची चित्रकला शिकायची तर आधी खिडक्यांचे पडदे ओढून घ्यावे लागत. शाईच्या वासात शेजारणीच्या कोबीच्या लोणच्याचा वास मिसळलेला असे. अजूनही कुठे तो वास आला की मी क्षणभर विशीतली होते.

हांगचौमध्ये क्वेइहुआची झाडं फुललेली होती. कलादालनाच्या अंगणात त्या बारक्या पिवळ्या फुलांचा सडा पडला होता आणि सिंहनाचवाली मुलं कापडी सिंह उन्हात पसरून बसली होती. आत 'एक हात, तीन पिढ्या' असा भलामोठा फलक. पहिली पिढी नव्वदी ओलांडलेले क्वांग गुरुजी. दुसरी लुओ, ज्याची चित्रं आता देशोदेशी टांगलेली असतात. तिसरी रुओलान, लुओची सहायक. दहाएक वर्षं तिने त्याची शाई घोटली होती, कागद ताणले होते, आणि आज पहिल्यांदा एका भिंतीवर तिचं स्वतःचं नाव लागणार होतं.

चित्र भिंतभर होतं. शरदातली पाणथळ जमीन आणि शेकडो लव्हाळी, फक्त काळ्या शाईत. लुओ समोरच्या बाकावर बसला होता.

"बघितलंस, ताई?" तो म्हणाला. "चुका दाखवल्या माझ्या. सगळ्या शहराला दाखवायच्या होत्या हरामखोराला."

मी जवळ गेले, मग वाकले. तिन्ही गोल खाली होते, माझ्या कमरेच्या आसपास. प्रत्येक गोलात लव्हाळ्याचं एकेक पान. रेघ थरथरलेली. कुठलाच गोल पुरता मिटलेला नव्हता. वरच्या बाजूला दोन्ही टोकं एकमेकांपासून जराशी लांब राहिली होती. कडेला कागदाने पाणी शोषल्याची फिकट गुलाबी झालर होती.

"रागाने हात कापत असणार," काईवेन म्हणाला. "रंग इथलाच आहे." त्याने दाराजवळच्या टेबलाकडे बोट दाखवलं. तिथे वाटीत पाण्यात कालवलेला हिंगूळ, म्हणजे लाल रंगाची पूड, आणि एक ब्रश ठेवला होता. उद्घाटनाला गुरुजी त्याने कापडी सिंहाचे डोळे रंगवणार होते. डोळे रंगवले की सिंह जागा होतो आणि नाच सुरू होतो.

"पुसता येईल?" त्याने विचारलं.

"या कागदावर? चित्र फाटेल, हिंगूळ निघणार नाही."

लुओ उठला. "रुओलानच्या बाहीला लाल डाग आहे. मी स्वतः बघितलाय. पाहुणे यायच्या आत तिने कबूल करावं, नाहीतर तिची भिंत रिकामी कर, काईवेन, आणि पोलिसांना बोलाव. मग बघू तिला या शहरात कोण उभं करतं ते."

तो हे करेल यात मला शंका नव्हती. मी पुन्हा चित्राकडे वळले. पण ते गोल बघून माझ्या मनात आला तो राग नव्हता. त्या वयात, त्या जागी, मला चक्क हेवा वाटला.

२

आदल्या संध्याकाळी चित्रं टांगून झाल्यावर आम्ही दालनात चहा घेतला होता. लुओ, पांग, रुओलान, काईवेन, मी, आणि चाकांच्या खुर्चीत गुरुजी. नंतर सगळे पलीकडच्या खानावळीत जेवायला गेलो. गुरुजी खुर्चीतच डुलक्या घेत होते म्हणून त्यांना सांभाळणाऱ्या बाईसह दालनातच राहिले. जेवताना, मासा टेबलावर आला तेवढ्यात, पांग छत्री विसरली म्हणून दालनात जाऊन आला. रुओलान त्याच्या आधीच दिव्यांचं काहीतरी बघायला म्हणून जाऊन आली होती. चित्राजवळ जाता येईल असं कुणी असेल तर ही एवढीच माणसं.

रुओलान सामानाच्या खोलीत रिकाम्या खोक्यावर बसली होती.

"मावशी, तुम्हालाही वाटतं मीच केलं?"

"बाही दाखव."

तिने हात पुढे केला. मनगटाजवळ कुंकवासारखा डाग. मी बोटाने चोळला. बोट तेलकट झालं.

"शिक्क्याचं आहे ना हे?"

"हो. काल माझ्या चित्रांवर माझ्या नावाचे शिक्के मारले. जन्मात पहिल्यांदा मारत होते. हात असा कापत होता की एक तर उलटाच बसला." ती हसली आणि लगेच बाही खाली ओढली.

शिक्क्याचा लाल रंगही हिंगुळाचाच, पण एरंडेल तेलात मळलेला. तो कागदावर लोण्यासारखा बसतो, पसरत नाही. चित्रावरच्या गोलांना पाण्याची झालर होती. बाहीवरचा डाग त्या वाटीतला नव्हता.

"मग हे लुओला का सांगितलं नाहीस?"

"सर डागामुळे चिडलेच नाहीत मुळी. डाग त्यांना नंतर दिसला."

"मग कशामुळे चिडले?"

ती नखाने खोक्यावरची चिकटपट्टी उकलत राहिली. "सकाळी दार मीच उघडलं. दिवे लावले, गोल दिसले, आणि मला हसू फुटलं. लहान मूल हसतं ना, तसं. आवरलंच नाही. मागे वळून बघते तर सर दारात उभे."

"हसलीस? सरांचं चित्र खराब झालं म्हणून?"

"मावशी, बाकी काहीही विचारा. त्या चित्राबद्दल नका विचारू. सर सांगतील तेच खरं."

"पोलिस आले तरी?"

"त्यांनी मला हात धरून शिकवलंय. खायला घातलंय. मी कुठल्या तोंडाने बोलू?"

मी बाहेर पडले ती तिच्या भिंतीसमोरून. कापणीनंतरच्या शेतातली भाताची काडं, तलावाकाठच्या विलोच्या डहाळ्या, छोटी छोटी चित्रं. मी एकेका पानाच्या आत वळलेल्या टोकाशी थांबत गेले. नंतर परत मागे येऊन लुओचं चित्र बघितलं, आणि मग तडक पांगच्या वर्गाकडे निघाले. असं टोक काढायला तिला कुणी शिकवलं हे मला माहीत होतं. फक्त त्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

३

पांगचा वर्ग एका शेवयांच्या दुकानावरच्या माडीवर आहे. खालून सुपाची वाफ येते, वर वीसएक मुलं जिभा बाहेर काढून अक्षरं गिरवत असतात. पांगची बोटं लाल होती.

"ये, ताई. तुला पाठवलं का त्याने? घे, बघून घे." त्याने पंजा पसरला. "गेली तीस वर्षं लालच आहेत. लुओच्या चित्रांसमोर लोक रांगा लावतात, माझ्यासमोर शेंबडी पोरं. गुरुजींचा हात कुणाला आला होता ते तुला ठाऊक आहे. त्यालाही ठाऊक आहे. पण फलकावर माझं नाव कुठंय? तीन पिढ्या म्हणे! मधल्या पिढीत हा एकटाच जन्मला होता काय?"

"काल छत्री आणायला गेलास तेव्हा काय बघितलंस?"

"गोल बघितले."

"म्हणजे तेव्हा होते?"

"ओले होते. चमकत होते. पोट धरून हसलो आणि छत्री उचलून आलो. जेवताना मी खुशीत माशाचं डोकं मागून घेतलं ते उगीच नाही."

"तू काढले नाहीस?"

"मी? माझा गोल बघ तरी." त्याने ब्रशचं बांबूचं टोपण लाल पाण्यात बुडवलं आणि समोरच्या वहीवर ठप्पा मारला. सरळ, बंद, मिटलेला गोल. "वीस पोरं, प्रत्येकाची चार पानं. हाताने गोल काढत बसलो तर जेवायला कधी जाऊ? टोपणाने छापतो. हाताने गोल काढणं मी सोडून दिलंय, ताई. मला कुणी काढलेला मिळतही नाही."

तेवढ्यात एक मुलगी वही नाचवत आली. दोन वेण्या, नाकावर शाई.

"आजी, आजी, मला पाच मिळाले! याला एकच मिळालाय!"

"काय पाच मिळाले गं?"

"गोल! मास्तरांनी पाच अक्षरांना गोल दिले. सुंदर आली ना की गोल मिळतो!"

मागचा मुलगा तिच्याकडे असा बघत होता की वही जळून जावी.

ही गोष्ट काईवेनला माहीत असण्याचं कारण नव्हतं. त्याच्या शाळेत लाल रंग चुकीला लावत. पण ज्याने जुन्या पद्धतीने ब्रश धरलाय त्याला हे आईच्या हाकेसारखं कळतं. लाल गोल म्हणजे चूक नाही, शाबासकी आहे. हजार फटकाऱ्यांतला एखादा जमला की गुरू त्याभोवती गोल काढतो. आम्ही सरावाचे कागद गुंडाळून गुरुजींच्या दाराशी ठेवायचो, आणि आठवड्याने गुंडाळी घरी नेऊन श्वास रोखून उघडायचो. पांगच्या गुंडाळीत गोल असत. माझ्यात कधीमधी. लुओच्या गुंडाळीत एकही नाही, कधीच नाही. तो आमच्या गुंडाळ्या मागून घेऊन बघायचा, आणि परत देताना त्याचा चेहरा मला आवडायचा नाही.

"पांग, लुओने रुओलानवर आळ घेतलाय. पोलिसांना बोलावतोय."

पांगचं हसू विरलं. "तिच्यावर? अरे, ते गोल तर तिलाच..." तो थांबला.

"बोल."

"सात वर्षांची असताना इथे, या खिडकीत बसायची. पान टोकाशी संपवायचं नाही, आत वळवून तिथून वारा सुरू करायचा, हे मी तिला शिकवलं. गुरुजींनी मला शिकवलं होतं तसंच. ती तीन पानं तिची आहेत, ताई. माझ्या पोरीचा हात मी ओळखणार नाही?"

खाली दुकानात कुणीतरी शेवया मागवत होतं. माझ्या डोक्यात मात्र एकच गोष्ट घुमत होती. काईवेन फसला हे ठीक. पण गुरुजींकडे पाच वर्षं बसलेल्या लुओने, एका गोलासाठी तरसलेल्या लुओने, गोल बघून 'चुका' म्हणावं?

४

गुरुजींचं घर चहाच्या मळ्यांना लागून आहे. त्यांची बाई त्यांना कमळकंदाची पेज भरवत होती. चमचा ओठांशी नेताना गुरुजींची मान आणि हात दोन्ही लटपटत होते.

"सूयुन आली का? बस. लुओला आवडले का?"

"काय, गुरुजी?"

"गोल गं. बघितले ना त्याने?"

बाईने दचकून माझ्याकडे बघितलं. "काल मी पाणी तापवायला गेले होते तेवढ्यात हे पायाने खुर्ची ढकलत चित्रापाशी! बोटं लाल दिसली तेव्हा म्हणाले, सिंहाचा रंग कसा झालाय ते बघत होतो."

"तुला काय सांगायचं त्यात?" गुरुजी म्हणाले. "गोल कुणाला सांगून देतात का? ज्याचा त्याने उघडून बघायचा असतो." त्यांनी पेज बाजूला सारली. "चाळीस वर्षं थांबलो, सूयुन. हट्टी पोरगं. प्रत्येक पान बाणासारखं मारायचा. मी म्हणायचो, अरे, लव्हाळं आहे, भाला नव्हे. जगाने त्या बाणांचं कौतुक केलं, मग तर तो ऐकेनाच. मला वाटलं, आता हे काही आपल्या डोळ्यांदेखत होत नाही. आणि काल बघतो तर तीन ठिकाणी वारा आला होता! तीन! मी एकटाच रडलो तिथे."



"गोल पुरते मिटवले नाहीत तुम्ही," मी एवढंच म्हणाले.

"मिटवलाय कधी? मिटवला की पोर झोपी जातं." ते हसले. दात नव्हते, पण तेच हसू. "त्याला सांग, दुपारी येतोय मी. सिंहाचे डोळे नंतर. आधी त्याचा चेहरा बघायचाय मला."

आता मला सगळं कळलं होतं, आणि कळल्याचा काही उपयोग नव्हता. रुओलानला वाचवायचं तर लुओ खोटं का बोलला, म्हणजे पानं कुणाची, ते सांगून गुरुजींचा हा आनंद मोडायचा. गुरुजींना जपायचं तर ती निरपराध पोर बळी द्यायची. पाहुणे यायला फार वेळ उरला नव्हता.

५

लुओ अजून त्याच बाकावर होता. जणू उठला तर कुणी चित्र पळवून नेईल. मी शेजारी बसले.

"पोलिसांना फोन झाला?"

"काईवेन करतोय. ती तोंड उघडत नाही."

"ती नाही उघडणार. पण मी उघडते. ऐक. बाहीचा डाग तेलाचा आहे, गोल पाण्याचे आहेत. पांग टोपणाने गोल छापतो, त्याचे मिटलेले असतात. हे उघडे आहेत. आपल्या आयुष्यात उघडे गोल काढणारा माणूस एकच. हात रागाने कापलेला नाही, लुओ, वयाने कापलाय. आणि गोल इतके खाली का? खुर्चीत बसलेल्या माणसाचा हात तिथेच पोचतो."

तो बाकाच्या पार टोकाला सरकला.

"हे सगळं शोधायला मला अर्धा दिवस गेला," मी म्हणाले. "तुला एक क्षणही लागला नाही. दारात पाऊल ठेवताक्षणी तू ओळखलंस. तरी 'चुका' म्हणालास. का? गुरुजींचा गोल मिळाला म्हणून तू रस्त्यात नाचायला हवा होतास."

"पुरे, ताई."

"कारण गोल कुठल्या पानांवर पडले ते तुला दिसलं. तुझी टोकं बाणासारखी असतात. या तीन पानांची टोकं आत वळलेली आहेत. पलीकडे तिच्या भिंतीवर प्रत्येक काडाचं टोक तसंच आहे. खालच्या कडेची लव्हाळी तू तिच्याकडून काढून घेतलीस."

"गुडघे दुखत होते उन्हाळ्यात," तो पुटपुटला. "कागद जमिनीवर. खाली बसवेना. चार जुडगी काढ म्हणालो. कुणीही काढतं, ताई, सगळेच सहायकांकडून काढून घेतात! शेकडो पानं माझी आहेत. शेकडो! त्यातली नेमकी तीन... आणि ती हसली. तिला कळलं होतं कुणाला मिळाले ते. माझ्या चित्रात, माझ्या नावाखाली, माझ्यासमोर हसली."

"तेवढ्यासाठी तिला तुरुंगात घालणार होतास?"

त्याने तोंड फिरवलं. पण मला त्याचा तो जुना चेहरा दिसला, आमच्या गुंडाळ्या परत देतानाचा.

मागे पावलं वाजली. काईवेन होता, हातात फोन, डोळे विस्फारलेले. त्याच्या मागे रुओलान. दोघांनी किती ऐकलं कोण जाणे, पण काईवेनने आपल्या कामाचं तेवढं ऐकलं होतं.

"म्हणजे ही शाबासकी आहे? क्वांग गुरुजींची? लुओसरांना?" तो जवळजवळ किंचाळला. "मावशी, मग हे संकट कसलं! हा तर प्रदर्शनाचा मुकुट झाला! मी भाषणात सांगतो. चाळीस वर्षांनी गुरूने शिष्याला..."

"काईवेन, थांब," मी म्हणाले. "पानं कुणाची..."

"सरांचीच आहेत," रुओलान घाईने म्हणाली. "मावशी, राहू दे ना. चित्र सरांचं, पानं सरांची. गुरुजी खूश, सर खूश, पोलिसही नकोत. मला माझी भिंत आहे. मला आणखी काही नको."

सगळ्यांना सोयीचं होतं. मलासुद्धा. लुओने मान वर करून तिच्याकडे बघितलं. त्या नजरेत कृतज्ञतेचा लवलेश नव्हता.

"भीक घालतेस मला?" तो हळूच म्हणाला.

अंगणात ढोल वाजला. गुरुजींची खुर्ची फाटकातून आत येत होती.

६

दालन भरलं होतं. फुलांच्या परड्या, कॅमेरे, शहरातले मोठे लोक. सिंहनाचवाली मुलं सिंहाचं डोकं धरून दाराशी उभी होती. कापडी डोळे अजून कोरे होते. पांगही आला होता, तसाच, वर्गाच्या कोटात, मागच्या भिंतीला टेकून.

काईवेनने भाषण सुरू केलं. लाल गोल म्हणजे काय ते त्याने असं समजावून सांगितलं की जणू लहानपणापासून त्यालाच ते मिळत होते. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गुरुजींनी लुओचा हात दोन्ही हातांत घेतला.

"आलं बाबा तुला शेवटी," ते म्हणाले. आवाज बारीक होता, पण ध्वनिक्षेपकाने तो भिंतीभिंतीला पोचवला. "आता मी मरायला मोकळा."

टाळ्या पुन्हा वाढल्या. लुओ हसत होता. मी त्याच्याकडे बघत होते म्हणून मला दिसलं, हसू तोंडावर तसंच राहिलं आणि डोळे भरून आले. लोकांना वाटलं, आनंदाने. त्याने नुसती मान लववली असती तर जन्मभराची भूक भागल्याचं सगळ्या जगाने मान्य केलं असतं. रुओलान खाली मान घालून उभी होती. कुणी तिच्याकडे बघतही नव्हतं.

"ती माझी नाहीत," लुओ म्हणाला.

"काय?" गुरुजींनी कान पुढे केला.

"ती माझी नाहीत!" तो ओरडलाच. "ती तीन पानं हिची आहेत! या पोरीची! तुम्ही तिला गोल दिलेत, माझ्या नावावर तिला दिलेत! ते गळ्यात घालून हिंडू मी? तिचं उष्टं?"

टाळ्या विझल्या. काईवेन ध्वनिक्षेपक बंद करायचं बटण शोधत होता आणि त्याला ते सापडत नव्हतं. हा मोठेपणा नव्हता. मी लुओला ओळखते. दुसऱ्याच्या नावचा गोल अंगावर घेणं त्याला जमेना, एवढंच. पण त्या असूयेने का होईना, रुओलानवरचा आळ सगळ्यांदेखत गळून पडला.

गुरुजींनी लुओकडे बघितलं. मग मान वळवून रुओलानकडे.

"तुझी?"

तिने मान हलवून हो म्हटलं.

"कुणाकडे शिकलीस?"

"सरांकडे. आणि लहानपणी..." तिने मागे बघितलं. "पांग मास्तरांकडे."

"पांग?" गुरुजींचे डोळे गर्दीत शोधू लागले. "पांग आहे इथे?"

"आहे, गुरुजी," मागून आवाज आला. "बोलावलं नव्हतं, तरी आहे."

"हिला हे तू दिलंस?"

"मी नुसतं पुढे सरकवलं. तुमचंच होतं."

गुरुजींनी मान डोलावली. पुढे वाकून त्यांनी रुओलानचा हात धरला, उलटा केला, सुलटा केला, बोटं निरखली, जशी बाजारात भाजी बघावी. "बरा आहे हात," ते म्हणाले. "तुझ्या नावाने टांगलंय का काही इथे?"

"एक भिंत आहे."

"मग मला तिकडे न्या."

आणि तेव्हा लुओ आडवा आला. त्याने खुर्चीचे दोन्ही हात धरले.

"आधी माझं," तो म्हणाला.

"सोड, लुओ."

"नाही सोडणार. तिची भिंत तिला राहू दे, पोलिस नकोत, काही नको. पण तुम्ही खुर्चीत बसून खालचं बघितलंत, गुरुजी. खालची कड बघितलीत फक्त! वरचं कधी बघितलंत? वर सगळं माझं आहे. एकटं माझं. ते बघा आणि मग सांगा."

सत्तरीला आलेला, देशोदेशी गाजलेला माणूस, आणि आवाज असा की त्या माडीवरचा, एकच गोल मिळालेला मुलगा बोलतोय. लोक अवघडून फुलांच्या परड्यांकडे बघू लागले. मला त्याची लाज वाटली आणि त्याचा हेवाही वाटला. मी कधी असं मागितलं नव्हतं.

गुरुजींनी चित्राकडे बघितलं. वरची लव्हाळी त्यांच्या डोक्याच्याही फार वर होती.

"दिसत नाही इथून," ते म्हणाले. "उचला मला."

कुणी हललं नाही. मग दाराशी उभ्या मुलांनी एकमेकांकडे बघितलं, सिंहाचं डोकं जमिनीवर ठेवलं, आणि चौघं पुढे आली. एकमेकांच्या खांद्यांवर चढायची सवय असलेली मुलं ती. त्यांनी चाकांची खुर्ची गुरुजींसकट अलगद उचलली आणि खांद्यावर घेतली. बाई "अहो, अहो" करत राहिली. रुओलानने हिंगुळाची वाटी उचलली, ब्रश गुरुजींच्या हातात दिला आणि वाटी उंच धरून खुर्चीच्या बरोबर चालू लागली.

गुरुजींचं नाक कागदाला लागेल इतकं जवळ होतं. ते एकेक पान बघत होते. टोकाशी येऊन थांबायचे, डोळे बारीक करायचे, ब्रश जरासा पुढे यायचा आणि मागे जायचा.

"हे नाही," ते म्हणाले. "पुढे."

मुलं एक पाऊल सरकली.

"हेही नाही. पुढे."

लुओ खाली त्यांच्याबरोबर आडवा आडवा चालत होता. चित्राकडे त्याने एकदाही बघितलं नाही. मान वर करून तो फक्त गुरुजींचा चेहरा बघत होता.

"थांबा," गुरुजी म्हणाले. "जरा डावीकडे घ्या."